दोनशे एक्केचाळीस

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात, कंपनीत आणि गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ते खोटं नाही. पण ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी संध्याकाळी मला जो राग आला तो नाकावरचा नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजूनही पुरती उतरलेली नाही.

मी तनुजाच्या दप्तरात डबा शोधत होते. पोरगी दहावीत गेली तरी शाळेतून आल्यावर डबा काढून मोरीत ठेवायचं नाव नाही. डब्याखाली चार घड्या घातलेला एक कागद निघाला. शाळेनं वाटलेली स्लिप होती, तारीख मागच्या बुधवारची. बोर्डाला पाठवलेल्या यादीत मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय बरोबर आहेत का ते बघा, दुरुस्ती असेल तर ह्या शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. तनुजाचं नाव बरोबर होतं. माझं, रत्नमाला, तेही बरोबर होतं. विषयांच्या यादीत खाली लिहिलं होतं: मॅथेमॅटिक्स बेसिक, २४१.

सीबीएसईच्या दहावीला गणिताचे दोन प्रकारचे पेपर असतात. स्टँडर्ड म्हणजे अवघड, त्याचा कोड ०४१. बेसिक म्हणजे सोपा, त्याचा कोड २४१. अभ्यासक्रम दोघांना एकच, पेपर वेगळा. आणि तनुजाच्या शाळेचा स्वतःचा नियम असा की बेसिकवाल्याला आमच्याकडे अकरावीला गणित मिळणार नाही. तनुजाला गणित हवं होतं, कारण तिला आर्किटेक्ट व्हायचं आहे. दोन खोल्यांत वाढलेली पोरगी चौथीपासून वहीच्या मागच्या पानांवर घरांचे नकाशे काढते. प्रत्येक घरात माझ्यासाठी स्वयंपाकघराला दोन खिडक्या असतात. गणित गेलं की हे सगळं गेलं.

"तनू, हे काय हाय?"

ती आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. कागदाकडे बघून तिनं मान फिरवली.

"तुलाच माहीत."

"मला काय माहीत?"

"तूच सही केलीस ना बेसिकच्या फॉर्मवर. सरांनी दाखवली मला. तुझीच सही हाय. मग आता काहून विचारायलीस?"

मी म्हणाले, मी असली कुठलीही सही केलेली नाही. तर ती उठून उभी राहिली. माझ्याच पोटची, रागावली की तिचाही आवाज खाली जातो, वर नाही.

"मला तोंडावर सांगायचं होतंस, मम्मी. तुला जमणार नाय म्हणायचं. फॉर्म बेसिकचा भरलास, मग दर रविवारी तीन-तीन तास मला समोर बसवून पेपर कशाला सोडवून घेतलेस? टाइमपास?"

मागच्या रविवारी ती पेपरला बसली नव्हती. डोकं दुखतंय म्हणाली आणि मी शहाणी तिच्या कपाळाला बाम चोळत बसले. ती स्लिप तेव्हा दप्तरातच होती. म्हणजे आठ दिवस माझी मुलगी माझ्या हातची भाकरी खात होती आणि मनात धरून बसली होती की आपल्या आईनंच आपल्याला ढ ठरवलं.

तनुजाचे बाबा तेवढ्यात कामावरून आले. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचं ठेवणीतलं वाक्य काढलं. "जाऊ दे ना रत्ना. सोपा तर सोपा. पास तर हुईल पोरगी."

त्यांना मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते चप्पल घालून कोपऱ्यावर निघून गेले.

ह्या रविवारांचं जरा सांगायला हवं. जुलैच्या चाचणीत तनुजाला गणितात ऐंशीपैकी एकोणतीस मिळाले. विश्वजीत सरांनी लाल पेनानं 'पुअर' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मार्क बघून आधी मी तिला झाप झाप झापली. मग पेपर हातात घेऊन नीट बघितला.

मी चितेगावच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. आयटीआय केलेली बाई, वीस वर्षं झाली तेच करतेय. लाइनवरून पिना येतात, मी गेज लावते, एका टोकात पीन गेली पाहिजे, दुसऱ्या टोकात जाता कामा नये. दोन्ही झालं की माल चांगला. मग रिपोर्टवर माझी सही, मग ट्रक सुटतो. तर तनुजाचा पेपर मी तसाच तपासला. नमुना उत्तरं शाळेनं पुरवलेली होती, ती शेजारी ठेवली. तिनं ऐंशीपैकी फक्त एकतीस मार्कांचं सोडवलं होतं आणि त्यातले एकोणतीस बरोबर होते. पुढची पानं कोरी होती. माल कमी निघाला होता, पण रिजेक्शन जवळजवळ शून्य. असल्या कामगाराला आमच्याकडे काढून टाकत नाहीत. त्याचा हात कुठं अडतो ते बघतात.

म्हणून ऑगस्टपासून दर रविवारी सकाळी नऊ ते बारा. मागच्या वर्षांचे स्टँडर्डचे पेपर गुलमंडीवरून आणले. ती पलंगाशेजारी पाट मांडून बसायची, मी समोर घड्याळ आणि चौकटी आखलेली वही घेऊन. कुठला प्रश्न, किती वाजता धरला, किती वाजता सोडला, बरोबर की चूक. मला त्या गणितातलं अर्धं कळत नव्हतं. वेळ मात्र कळत होती.

पहिल्याच रविवारी चोर सापडला. मनोऱ्याच्या पायथ्यापासून अमुक मीटरवरून टोक तीस अंशात दिसतं, तर मनोऱ्याची उंची किती. गणित चार ओळींचं. बाईसाहेबांनी आधी पेन्सिलीला टोक केलं, मग पट्टीनं मनोरा काढला, त्याला खालून पाया काढला, वर टोकाशी दोन खिडक्यासुद्धा काढल्या. सात मिनिटं गेली.

"मनोऱ्याला खिडक्या काहून?"

"बिनखिडक्याचा कसा राहील?"

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, परीक्षेपुरता बिनखिडक्याचा राहू दे, आत कोणी राहायला जाणार नाही. तिनं तोंड वाकडं केलं. हाताने कच्ची आकृती काढायला तिला तीन रविवार लागले. वर्गसमीकरण सोडवून झालं की उत्तर परत समीकरणात घालून बघायची सवय होती, ती फक्त पाच मार्कांच्या प्रश्नाला ठेवली. पहिले वीस पर्यायांचे प्रश्न ती वहीत सविस्तर मांडून सोडवायची, ते कोपऱ्यात करायला शिकली. भांडत शिकली, रडत शिकली. एकदा तिनं कंपास फेकला तो फ्रीजखाली गेला, मी झाडूनं काढून दिला आणि घड्याळ चालूच ठेवलं. पहिल्या रविवारी तेहतीस मार्कांचं सोडवलं होतं. सातव्या रविवारी बासष्टचं सोडवलं आणि एकोणसाठ बरोबर. त्या दिवशी आम्ही दोघींनी निराला बाजारला जाऊन कुल्फी खाल्ली.

आणि आठव्या रविवारी डोकं दुखलं.

गुरुवारी माझी दुसरी पाळी होती. सव्वाबारालाच मी शाळेच्या गेटवर जाऊन उभी राहिले. गेटवर मोठा बॅनर, 'सलग अकरा वर्षं दहावीचा शंभर टक्के निकाल'. वॉचमन म्हणाला, "बाजी, अपॉइंटमेंट के बगैर नक्को. मॅडम बिझी हैं."

"तो मैं यहीं बैठती. जो भी पूछेगा उसको बताती काहे को बैठी."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गेट उघडलं.

ऑफिसात क्लार्क बद्रीनाथ होते. वीस वर्षांपासूनचे, शाळा त्यांच्यावर चालते असं सगळे म्हणतात. मी स्लिप टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ही चूक आहे, मी बेसिकला कधीही होकार दिलेला नाही.

"ताई, संमतीशिवाय आपण करतच नाही." त्यांनी कपाटातून एक जाड फाइल काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या पाल्यास गणित बेसिक हा विषय देण्यास माझी संमती आहे, असं इंग्रजीत. तनुजाचं नाव, तुकडी, तारीख चौदा ऑगस्ट. आणि खाली माझी सही. रत्नमालामधल्या 'ला'चा काना मी खाली ओढते, तसाच ओढलेला.

मी ती सही दोनदा बघितली. आणि मग मला जून आठवला.

जूनमधली पालकसभा शनिवारी दुपारी एकला होती. माझी कंपनीची बस सूतगिरणी चौकातून दोन दहाला सुटते. सभा लांबली, बाहेर सह्यांची रांग लागली. बद्रीनाथनीच रांगेत कागद वाटले होते. "ह्या चार ठिकाणी नुसत्या सह्या करा, बाकीचं आम्ही भरून घेतो. वर्षभर तुम्हाला हेलपाटे नकोत." कागदावर वर शाळेचं नाव आणि खाली पालकाची सही एवढंच छापलेलं, मध्ये सगळं कोरं. सगळे आईबाप करत होते. दरवर्षीच करतात. शाळा आहे, चोर थोडीच आहे? मी भिंतीला कागद टेकवून चार सह्या ठोकल्या आणि चौकाकडे पळत सुटले. बस मिळाली. मला आठवतं, मी खुश झाले होते.

माझे वडील, सांडू, अंगठेबहाद्दर होते. खुलताबादजवळच्या आमच्या गावात कुणीही कागद आणला की ते एकच बोलायचे, "वाचून दाखव, मंग अंगठा." तेही एकदा वाचून भागायचं नाही. एकदा आणणाऱ्यानं वाचायचा, एकदा मी, आणि एकदा दुसऱ्या कुणी. माझ्या शाळेच्या दाखल्यावर अंगठा देताना त्यांनी हेडमास्तरांना तीनदा वाचायला लावलं होतं आणि मी लाजेनं खाली बघत उभी होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी न वाचलेल्या कागदाला आयुष्यात बोट लावलं नाही. मला वाचता येतं.

आणि कंपनीत? मागच्या वर्षी शिफ्टचे सुपरवायझर तात्यासाहेब म्हणाले होते, रत्नमालाबाई, ट्रक उभाय, रिपोर्टवर आगाऊ सही करून टाका, माल मागून तपासा. मी म्हणाले होते, माल बघितल्याशिवाय माझी सही मिळणार नाही, ट्रक उभा राहू द्या. दोन तास उभा राहिला. मॅनेजरनं बोलावून झापलं तरी मी हटले नाही. दोन रुपयांच्या पिनेसाठी मी हे केलं. पोटच्या पोरीसाठी नाही केलं. तिथं उभ्या उभ्या मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"आता काय म्हणणंय ताई?" बद्रीनाथ फाइल मिटू लागले.

"सही माझी हाय," मी म्हणाले. "पण वरचं अक्षर माझं नाय. तारीख चौदा ऑगस्टची हाय. चौदा ऑगस्टला मी इथं आले होते का? तुमच्या रजिस्टरला माझी एंट्री दाखवा."

"पद्धतच हाय ताई ती. सगळ्यांचंच आपण असं..."

"सगळ्यांचंच? ह्या फाइलीत किती हायेत?"

त्यांनी फाइल आपल्याकडे ओढली. फाइल पुरती दोन बोटं जाड होती. माझा आवाज चढला असणार, कारण आतून प्रिन्सिपल मॅडम बाहेर आल्या. झकपक साडी, गळ्यात चष्म्याची दोरी. काय चाललंय, हे विचारतानाही हसत होत्या.

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला समजवायला लागल्या, जसं तापलेल्या पोराला समजवतात तसं. अहो, मुलीच्या भल्यासाठीच केलंय. एकोणतीस मार्क होते तिला. बोर्डात नापास झाली तर तुम्हीच येऊन आम्हाला विचाराल. बेसिकमध्ये आरामात साठ-सत्तर पडतील. टेन्शन नाही, मूल आनंदी, तुम्ही आनंदी.

"आणि बॅनर आनंदी," मी म्हणाले.

त्यांचं हसू गेलं. "बोलताना जरा सांभाळून."

"मॅडम, मी सांभाळूनच बोलायलेय. तुम्ही मला एक फोन करायचा होता. तुमची मुलगी कमी पडतेय, असं असं करावं वाटतंय, एवढंच. मग मी हो म्हणाले असते नाहीतर नाय म्हणाले असते. तुम्ही जूनमधी माझ्याकडून कोरा कागद घेतला आणि ऑगस्टमधी त्याच्यावर माझ्या पोरीचं पुढचं लिहून टाकलं. आणि वर तिला तो कागद दाखवला, बघ म्हणून, तुझ्या आईची सही हाय. ती आठ दिवस ते मनात धरून बसली. ते कुणाच्या भल्यासाठी?"

तिला कागद कुणी दाखवला, असं मॅडमनी विचारलं आणि विश्वजीत सरांना बोलावणं गेलं. तिशीतला माणूस, हाताला खडू लागलेला. तो म्हणाला, तिनं मला येऊन विचारलं, माझं बेसिक का झालं, म्हणून फाइल दाखवली. मला वाटलं घरी ठरलंय. त्यात त्याचं काही चुकलं असं त्याला वाटत नव्हतं.

मी पिशवीतून वही काढून त्याच्या हातात दिली. सात रविवार, सात पेपर, तिच्या उत्तरांसकट टाचलेले. तो उभ्या उभ्या पानं चाळू लागला, मग खुर्ची ओढून बसला. समरूप त्रिकोणांच्या सिद्धतेवर थांबला, बोटानं ओळी धरून खाली गेला.

"ह्या वेळा तुम्ही लिहिल्यात?"

"मी नुसत्या वेळा लिहिल्यात. गणितं तिनं केलीत."

"सिद्धतेची एकही पायरी गाळत नाही ही," तो स्वतःशीच म्हणाला. मग मॅडमकडे बघून म्हणाला, "स्टँडर्ड झेपेल हिला. अजून चार महिने आहेत. पेपर पूर्ण व्हायला लागेल." आणि माझ्याकडे वळून, "हे मला आधी कळायला हवं होतं."

"सर, जुलैचा पेपर तुम्हीच तपासला होता. एकतीसपैकी एकोणतीस बरोबर होतं त्यात. तुम्ही बेरीज केली आणि पुअर लिहिलं."

तो लाल झाला. वाईट माणूस नसावा. पण मला त्या दिवशी वाईट आणि चांगला असली निवड करत बसायला वेळ नव्हता, पावणेदोन वाजले होते आणि दोन दहाला बस होती.

मॅडमनी हात झटकले. ठीक आहे, पालकांच्या जबाबदारीवर. नापास झाली तर शाळा जबाबदार नाही, असं लेखी द्या. विद्यार्थिनीचीही सही लागेल. तनुजाला वर्गातून बोलावलं. ती दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे न बघता.

बद्रीनाथनी दुरुस्तीचा अर्ज काढला, दोन प्रती, एक शाळेची, एक बोर्डाकडे जायची. आणि माझ्यापुढे ठेवून त्यांनी बोट टेकवलं. "इथं आणि इथं सही करा. बाकीचं मी भरून घेतो."

खरंच सांगते, तेच शब्द. इतकं सगळं होऊनही. ते मुद्दाम म्हणाले नाहीत, हेच जास्त वाईट होतं. वीस वर्षांची सवय होती ती, आणि त्या सवयीला हात पुढे करणारे आम्हीच होतो.

"आधी भरा," मी म्हणाले. "दोन्ही भरा. मी उभी हाय."

"ताई, मागं रांग बघा."

मागं खरंच चार-पाच जण उभे होते. कुणाला बोनाफाइड हवं होतं, कुणाला बस पास. एक बाई घड्याळ बघून च्‌च्‌ करत होती. मीही जूनमध्ये अशीच उभी असणार. बद्रीनाथनी कुरकुरत भरायला घेतलं. दोन वाजायला दहा मिनिटं होती. भरून झालं तेव्हा दोन वाजायला पाच होती. चौकात जायला पळत चार मिनिटं लागतात. मी पेन उचललं.

मग मी ते तनुजाच्या हातात दिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवले. "तू वाच आधी. तुझा हाय."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीवर बसली आणि वाचू लागली. ही पोरगी कशी वाचते ते मला सात रविवारांपासून माहीत आहे. प्रत्येक ओळीखाली बोट, ओळ संपली की परत एकदा मागं. नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. शाळेचा नंबर स्लिप काढून तिच्याशी आकड्याला आकडा लावून बघितला. मागची बाई म्हणाली, "अगं बाई, कादंबरी हाय का ती?" बद्रीनाथ टेबलावर शिक्का आपटत होते. माझ्या जिभेवर आलं होतं, लवकर कर गं. दर रविवारी दहादा म्हणायचे. मी दात आवळून धरले. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून तीन मिनिटं झाली, मग सहा, मग दहा. बस गेली. तनुजा पहिली प्रत संपवून दुसरीकडे वळली, पुन्हा पहिल्या ओळीपासून.

"मम्मी."

तिचं बोट दुसऱ्या प्रतीवर होतं, बोर्डाकडे जायच्या. दुरुस्तीनंतरचा विषय: मॅथेमॅटिक्स स्टँडर्ड. आणि पुढच्या चौकटीत कोड: २४१.

पहिल्या प्रतीवर बरोबर ०४१ होता. दुसरीवर त्यांचा हात सवयीनं गेला असणार. मी कागद उचलून बद्रीनाथच्या नाकासमोर धरला. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मागची रांग दोन पावलं मागं सरकली. विश्वजीत सर खाली बघत होते, आणि बद्रीनाथ म्हणाले, "एका आकड्याचं एवढं काय ताई, मी करून देतो ना."

"एका आकड्याचंच हाय सगळं," मी म्हणाले. "नवीन फॉर्म काढा. दोन्ही."

त्यांनी काढले. तनुजानं तेही वाचले, सगळे, पहिल्या ओळीपासून. मग तिनं सही केली आणि पेन मला दिलं. मी सही केली. रागाच्या भरात 'ला'चा काना वाकडा आला. दोन्ही कागदांचे फोटो मोबाइलवर काढले, शिक्का मारून पोच घेतली. च्‌च्‌ करणाऱ्या बाईच्या हातात एक कोरा अर्ज दिसत होता. तिला मी म्हणाले, "भरून घ्या आधी." तिनं मान हलवली, पण पेन कुणाच्या हातात दिलं ते बघायला मी थांबले नाही.

व्हरांड्यात आल्यावर मी तनुजाला जूनमधल्या कोऱ्या कागदांचं आणि बसचं सांगितलं, तशी ती थांबली. तिचा तास चालू होता, तरी ती गेली नाही. मला वाटलं आता ही गळ्यात पडेल. मी तयारही होते.

"तुझी बस गेली ना?"

"गेली."

"मग त्या दिवशी काहून नाय जाऊ दिलीस?"

तिनं ते भांडायला विचारलं नव्हतं. रविवारी एखादी पायरी अडली की विचारते, तशा आवाजात विचारलं होतं. मी तोंड उघडलं. एक खाडा पडला असता, तात्यासाहेब बोलले असते, रांग होती, सगळेच करत होते, शाळेवर विश्वास होता. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही तिच्यापुढे ठेवायच्या लायकीचं नव्हतं.

"चुकले," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. दप्तराचा पट्टा सरळ करून ती वर्गाकडे गेली. मी गेटवरच्या त्या बॅनरखालून बाहेर पडले आणि चितेगावला जायला पैठण रोडच्या रिक्षांकडे चालू लागले.

रविवारी नऊला पाच कमी असताना तिनं पाट मांडला, पेपर घेतला, पेन्सिलीला टोक केलं. मी वही आणि घड्याळ घेऊन समोर बसले. तिनं हात पुढे करून घड्याळ माझ्याकडून घेतलं आणि आपल्या बाजूला, आपल्याला दिसेल असं ठेवलं.

"वेळ मी लिहीन," ती म्हणाली. "तू शेवटी तपास. आणि मी केलेलं सगळं वाचल्याशिवाय सही करू नको."

वहीत आजवर सही कधी नव्हती. त्या दिवशी तिनं शेवटची चौकट आखली होती आणि वर लिहिलं होतं, 'तपासणाऱ्याची सही'. साडेबाराला मी तिचा पेपर हातात घेतला. मनोऱ्याच्या गणिताशी मनोरा हाताने काढलेला होता, वाकडा, बिनखिडक्याचा. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.